ठासायला लागणारा वेळ

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी आजोबांची एक ठासणीची बंदूक होती. परवाना शेतसंरक्षणाचा. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत घरी. आजोबा गेले आणि ती पुन्हा ठाण्यात गेली. आता परवाना कुणाच्या नावावर करायचा? काकाचा हात थरथरतो. उरलो मी. मी पुण्यात असतो, लॅपटॉपवर काम करतो आणि काकाने पाठवलेला तांदूळ खातो.

ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू, मग बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. गजाने ठासायचं. शेवटी केप लावायची. एवढं करून बार एकच. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, "तेवढ्यात डुक्कर पळून नाही का जाणार?" ते म्हणाले, "ठासूक वेळ लागता, ता बरा आसा."

हे वाक्य परवा यूट्यूब बघताना आठवलं. अमेरिकेत कितीतरी जणांकडे आजोबांच्या शिकारी रायफली आहेत. काहींची काडतुसं आता दुकानात सहज मिळत नाहीत, मग ती घरीच भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, नवी केप बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी. दारू 'ग्रेन'मध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि हे माप मुळात धान्याच्या दाण्यावरून आलेलं. आमच्याकडे दाणा राखायला दारू लागते, तिकडे दारू तोलायला दाणा!

व्हिडिओतला माणूस इतक्या शांतपणे काम करत होता की मला वाटलं, जो प्रत्येक बार स्वतः भरतो तो उगाच उडवणार नाही. सावकाश केलेली हिंसा कमी वाईट असते.

पण हे खरं आहे का? कायदा तर जवळजवळ उलट सांगतो. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे तोल जाऊन कुणाला मारलं, तर गुन्हा थोडा सौम्य धरला जाऊ शकतो. थंड डोक्याने तयारी करून मारणाऱ्याला ती सवलत नाही. दारू तोलून भरणाऱ्याइतकी तयारी कुणाची असते?

आणि २०२० मध्ये केरळमधल्या पलक्कडला मेलेली ती गाभण हत्तीण आठवा. स्फोटकं भरलेलं फळ तिच्या तोंडात फुटलं होतं. असली फळं रानडुकरांसाठी ठेवतात. तेही कुणीतरी हातानेच, वेळ काढून भरलं असणार. भरणारा मात्र फुटलं तेव्हा तिथे नव्हता. कोण मरतंय हे त्याला बघावं लागलं नाही.

म्हणजे नुसता वेळ लागणं पुरेसं नाही. त्या वेळात आपण कुठे उभे असतो, हे महत्त्वाचं.

आजोबांनी एक गोष्ट एकदाच सांगितली होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीची. रात्री शेतात त्यांनी डुकरावर बार टाकला. ते जखमी होऊन रानात गेलं. उजाडल्यावर आजोबा रक्ताच्या मागावर एकटेच गेले. ते करवंदीच्या जाळीत पडलेलं होतं, जिवंत. बंदूक रिकामी. मग त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी दारू ओतली, बोळा घातला, छर्रे घातले, ठासलं. तेवढा सगळा वेळ ते त्यांच्याकडे बघत होतं. त्यानंतर आमची बंदूक बहुतेक हवेतच वाजली.

मला वाटतं, आजोबा ज्या वेळाला बरा म्हणत होते, तो हाच. त्या वेळाने त्यांना निर्दोष केलं नाही. 'अचानक झालं', 'मला कळलंच नाही' म्हणायची सोय तेवढी काढून घेतली.

माझ्याकडे ती सोय भरपूर आहे. परवाना नको म्हटलं की माझे हात स्वच्छ. पण भात पिकल्यावर डुकरं एका रात्रीत शेत आडवं करतात. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती कागदपत्रं करायची काकाने. रात्रभर डबे वाजवायचे काकाने. दोष लागला तर तोही काकाला. मी फक्त कुकर लावायचा.

काकाने अर्ज पाठवलाय. अजून सही केलेली नाही. यंदा भात दाण्यावर आलं की रजा टाकून जाणार आहे, बंदुकीशिवाय, काकाबरोबर राखणीला बसायला. सही करेन किंवा नाही करणार, पण पुण्यातल्या खुर्चीत बसून नाही. ज्या बांधावरून तो बार सुटेल, तिथे आधी एक रात्र काढून.