नोंद होण्यापूर्वी

कारकुनी करणाऱ्या माणसास नोंदीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. आवक-वहीत जो कागद चढला नाही तो आलाच नाही, आणि जो चढला तो पुसता येत नाही. माणसावरील आरोपाचेही तसेच आहे. म्हणून लोकसेवकाविरुद्ध लाचखोरीची तक्रार आली असता गुन्हा तत्काळ नोंदवावा, की आधी प्राथमिक चौकशी करावी, हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. तो नीतीचाही आहे.

मद्रासचे मुख्य अभियंता सिराजुद्दीन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली सांगितले की, लोकसेवकाचा दर्जा कोणताही असो, त्याच्यावर जाहीरपणे अप्रामाणिकपणाचा आरोप ठेवण्यापूर्वी योग्य ती प्राथमिक चौकशी व्हावी; कारण निराधार आरोपानेही त्याची व त्याच्या खात्याची अपरिमित हानी होते. पुढे १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरविली. मात्र ज्या थोड्या प्रकारांत आधी चौकशी करता येईल त्यांत भ्रष्टाचाराची प्रकरणे ठेवली. मुदत पंधरा दिवस, अपवाद म्हणून सकारण सहा आठवडे, असे २०१४ साली ठरले. अशी चौकशी हा आरोपीचा हक्क नव्हे, हेही त्याच न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले.

महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरील आरोपांची प्राथमिक चौकशी शक्यतो पंधरा दिवसांत करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी दिला आणि त्याच महिन्यात गुन्हा नोंदला गेला. आरोप खरे की खोटे हा येथे विषय नाही. मुदत पाळता येते, एवढेच यातून दिसते. निदान मंत्र्याच्या बाबतीत.

भिलाईत आमच्या कचेरीत एक वयस्क हेडक्लार्क होते. बिल मंजूर करण्यासाठी पैसे मागितल्याची तक्रार एका कंत्राटदाराने त्यांच्याविरुद्ध केली. चौकशी सुरू झाली, जबाब झाले, फायली गेल्या. आणि मग तीन वर्षे काहीच झाले नाही. दक्षता विभागाचा दाखला मिळेना, म्हणून बढती अडली. गुन्हाच नोंदलेला नसल्यामुळे त्याला ना क्रमांक होता, ना प्रत. न्यायालयात जाऊन रद्द करा म्हणावे, तर रद्द काय करायचे? ते निर्दोष होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. परंतु त्यांच्या टेबलापाशी चहाला जाणे मीही सोडले होते, हे मात्र पक्के ठाऊक आहे.

ज्या चौकशीची योजना अब्रू राखण्यासाठी झाली, तीच रेंगाळली म्हणजे अब्रू खाते. ललिताकुमारी निकालात एक गोष्ट मला फार खटकते. चौकशीअंती तक्रार बंद झाली, तर त्या नोंदीची प्रत एका आठवड्याच्या आत तक्रारदाराला द्यावी, असे तेथे सांगितले आहे. ते न्याय्यच आहे. दुबळ्या तक्रारदाराला परस्पर वाटेला लावणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण ज्याची चौकशी झाली, त्याला कळविण्याविषयी तेथे शब्द नाही.

कोणी म्हणेल, आधीच कळविले तर खरा लाचखोर पुरावे नष्ट करील. मान्य; आरंभी कळवू नये. परंतु प्रकरण बंद झाल्यावर नष्ट करण्याजोगे काय उरते? एक ओळीचे पत्र, जावक क्रमांक टाकून. असली पत्रे आम्ही दिवसाला चाळीस पाठवतो.