वहीतली खोटी नोंद

एकतीस वर्षं मी बँकेत कॅशियर होते. कॅश जुळली नाही तर ती जुळवायची नाही, शोधायची, हे हेड कॅशियरनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. पाच रुपयांच्या फरकापायी रात्री आठपर्यंत मी नोटा मोजत बसले आहे. तीच मी निवृत्तीनंतर स्वतःच्या बीपीच्या वहीत चार महिने खोटं लिहीत होते.

सकाळी आंघोळ झाली की देवघरासमोर पाटावर मांडी घालून बसायचं आणि दंडाला पट्टा बांधायचा. १५४ आले की पट्टा सोडून पुन्हा बांधायचा. १४६ आले की घोटभर पाणी प्यायचं आणि परत एकदा. १३३ आले की वहीत १३३. प्रत्येक आकडा मशीननेच दाखवलेला, मनचा एकही नाही. डॉक्टरांनी दोनदा वही पाहिली आणि गोळी होती तीच ठेवली. तिसऱ्या वेळी त्यांनी मशीन मागितलं. मेमरीचं बटण दाबत ते एकेक आकडा मागे जात राहिले. मग वही मिटून माझ्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. माझ्या मात्र कॅश कमी भरल्यासारखा पोटात खड्डा पडला.

आकडे खरे आणि नोंद खोटी, हे कसं? सत्य म्हणजे खोटं न बोलणं, एवढंच मी आजवर धरून चालले होते. पण चार खऱ्यांतलं सोयीचं एक उचलणं हेही असत्यच आहे, आणि ते जास्त चिवट, कारण त्यात पकडायला काही सापडत नाही. ते मी सांगत तरी कोणाला होते? समोर विठ्ठलाची मूर्ती. त्याने मेमरीचं बटण दाबायची गरज नव्हती.

आता पद्धत बदलली आहे. पाट सुटला, कारण मांडी घातली आणि पाठ अधांतरी राहिली की आकडा चढतो. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर. बाही वर सरकवायची नाही, दंड मोकळा हवा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. हात मांडीवर पडला तर वरचा आकडा चारेकने सहज वाढतो. अर्धा तास आधी चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी ती १३५/८५ च्या आत हवी.

पण असा निश्चल बसलेला माणूस म्हणजे मी का? सून चिडून बोलते, गॅस संपतो, रात्री अडीचला फोन वाजतो, तेव्हाचा दाब कोणाचा? रक्ताचा दाब मोजायला स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीची धमनी कापून तिला काचेची उभी नळी जोडली. नळीत रक्त आठ फूट तीन इंच चढलं. १७३३ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. मला सारखी ती घोडीच दिसते, बांधून आडवी पाडलेली. तो आकडा तिचा होता की तिच्या भीतीचा? दवाखान्यात माझाही तसाच चढतो. आता मला वाटतं, पूर्ण खरा असा एक आकडा नसतोच. मशीनसुद्धा पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपतं आणि वरचा-खालचा आकडा गणिताने काढतं. खरेपणा असलाच तर तो रोज त्याच स्थितीत बसण्यात आणि जे येईल ते लिहिण्यात आहे. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. १३३ ची वाट पाहणारी मी पहिला पक्षी होते.

आणखी एक गाठ सुटायला वेळ लागला. मोजण्याआधीच्या त्या पाच मिनिटांत मी नामस्मरण करायचे. दोन-चार दिवसांत लक्षात आलं की नाम घेताना माझं चित्त पांडुरंगावर नव्हतं, मशीनवर होतं. नामाने दाब उतरत असेलही, त्यात पाप नाही. पण आकडा उतरावा म्हणून घेतलेलं नाम ही माझ्या दृष्टीने दुसरी गोळी झाली, आणि गोळी तर मला डॉक्टरांनी दिलेलीच आहे. नाम मला त्यासाठी नको आहे.

म्हणून आता त्या पाच मिनिटांत मी काहीच म्हणत नाही. खिडकीतून अजिंक्यतारा किल्ला दिसतो, तो पाहते. आज सकाळी १४८/८८ आले, मिनिटाने १४२/८४. दोन्ही लिहिले. पट्टा गुंडाळून डब्यात ठेवला, गोळी घेतली आणि मग माळ हातात घेतली.