पिशवी किती किलोची?



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२.

परवा पहाटे आमची पायी दिंडी पोशीरहून आळंदीला निघणार. नेरळ, कर्जत, खोपोली, मग बोरघाट चढून लोणावळा, वडगाव, देहू आणि आळंदी. कार्तिक वद्य एकादशीला तिथं पोचायचं, त्रयोदशीचा माऊलींचा समाधी सोहळा करायचा आणि परतायचं. आत्ता सतरंजीवर सगळं सामान मांडून बसलोय. शेजारी सामान तोलायचा छोटा काटा आहे, विमानप्रवासासाठी घेतलेला. बायको विचारते, "वारीला पण बॅगेज लिमिट असतं का?" तिला हसून उत्तर दिलं. खरं उत्तर इथं लिहितोय. गेल्या वर्षीपासून लिहायचं राहिलंय.

आधी श्लोक. भगवंत म्हणतात, जे दुसरं काही मनात न आणता माझंच चिंतन करतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो. आपल्याकडे नाही ते मिळणं हा योग. आहे ते टिकणं हे क्षेम. आमच्या ऑफिसच्या भाषेत, नवीन फीचर आणि जुन्याचा बॅकअप, दोन्ही त्याच्याकडे. माऊली ज्ञानेश्वरीत इथं पक्षिणीचा दृष्टांत देतात. पिल्लांना पंख फुटलेले नाहीत, तर तिचं सगळं जगणंच पिल्लांसाठी. आणि आई कशी, तर स्वतःची तहानभूक विसरून तान्ह्याचं बघणारी. देव भक्ताचं तसं बघतो.

हा श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. आता माझी गेल्या वर्षीची पिशवी ऐका.

चार जीन्स. मोज्यांचे बारा जोड. हवा भरायची गादी, शिवाय स्लीपिंग बॅग. दोन पॉवरबँक. सुक्या मेव्याचा मोठा डबा. आणि लॅपटॉप, कारण त्याच आठवड्यात रिलीज होतं आणि "लागलाच तर" असावा म्हणून. वजन कोण करतंय? माझ्या अंदाजानं चौदा-पंधरा किलो. आणि ती काही मला पाठीवर घेऊन चालायची नव्हती. दिंडीत सामानाचा टेम्पो असतो. सकाळी काकडा झाला की पिशवी टेम्पोत टाकायची, संध्याकाळी मुक्कामाला उतरवून घ्यायची. मधे मी, टाळ आणि रस्ता. मला वाटायचं, किती मोकळा चालतोय मी!

टेम्पो भरायचं काम आमच्या गावाकडचे एक काका करायचे. साठी ओलांडलेली, वीसहून जास्त वाऱ्या पायी केलेल्या. सगळ्यांच्या पिशव्या, पातेली, ताडपत्री, शेगडी, सगळं तेच वर चढवायचे आणि मग पळत येऊन दिंडी गाठायचे. पहिल्या दिवशी माझी पिशवी उचलताना म्हणाले, "पोरा, घरच बांधून आणलंस की काय?" सगळे हसले, मीही हसलो.

तिसऱ्या मुक्कामाला, लोणावळ्यात, पिशवी उतरवताना त्यांच्या पाठीत उसण भरली. कोणाची पिशवी होती ते सांगायला नको. रात्री तेल लावलं, गोळी दिली. सकाळी त्यांना उभं राहता येईना. वडगाव, देहू, आळंदी, पुढची सगळी वाट काका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आले. इंद्रायणीच्या पुलावर आमची दिंडी नाचत होती. काका काचेच्या आतून टाळी वाजवत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा ते आळंदीत चालत शिरले नाहीत.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुझ्याच पिशवीनं झालं असं कशाला धरतोस? वय झालं आता." हे त्यांचं मोठेपण. मला मात्र ते वाक्य अजून झोपू देत नाही. कारण घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा गादी घडी न मोडता तशीच होती. तीन जीन्स इस्त्रीसकट होत्या. लॅपटॉप मी एकदाच उघडला, आणि तोही काम नसताना.

कीर्तनात एका पंडिताची गोष्ट सांगतात, तुम्ही ऐकली असेल. गीतेवर लिहिताना तो या श्लोकापाशी अडला. देव स्वतः ओझं कसं वाहील? फार तर देववील. म्हणून त्यानं 'वाहतो' या अर्थाच्या शब्दावर रेघ मारली आणि 'देतो' असं लिहिलं. त्या दिवशी तो भिक्षेला गेला आणि इकडे घरी दोन पोरं धान्याचं ओझं घेऊन आली. त्यातल्या सावळ्या पोराच्या पाठीवर ताजा ओरखडा होता. पंडिताच्या बायकोनं विचारलं, हे कोणी केलं? तो म्हणाला, तुमच्या यजमानांनी.

लहानपणी मला या गोष्टीत चमत्कार दिसायचा. आता ती पाठ दिसते. देव वाहतो म्हणजे आकाशातून क्रेन येत नाही. तो कोणाच्या तरी पाठीनं वाहतो. खोपोलीत घाट चढायच्या आधी कोणी केळी हातात ठेवतं, कोणी पहाटे पाच वाजता अख्ख्या दिंडीला चहा पाजतं, अनोळखी घरातली आजी "माऊली, पाय शेकायला गरम पाणी ठेवलंय" म्हणते. हाच तो योगक्षेम. आणि मी काय केलं? तोंडानं म्हणालो "तू वाहतोस", आणि भरवसा नव्हता म्हणून पंधरा किलो भरले. ती शंका माझी होती. ओरखडा दुसऱ्याच्या पाठीवर उठला.

याच घाटातून तुकोबाराय मिरची विकायला कोकणात उतरायचे, अशी आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे. खोपोलीजवळ साजगावला कार्तिकात विठोबाची जत्रा भरते, तिथंही ती सांगतात. त्यांच्या पाठीशी पोटापाण्याचं खरं ओझं होतं. माझ्या पिशवीत तसलं ओझंच नव्हतं, नुसती "लागलं तर" होती.

मग काहीच घ्यायचं नाही का? असं अजिबात नाही. बीपीची गोळी घरी ठेवून "माऊली बघेल" म्हणणं ही भक्ती नव्हे. तुम्ही आजारी पडलात तर चार जणांची वारी थांबते. म्हणजे तेही दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझंच. तेव्हा माझी कसोटी आता एकच आहे : ही वस्तू घेतल्यानं दुसऱ्याचा भार कमी होतो की वाढतो?

पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी माझी यंदाची यादी :

– कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, एक स्वेटर. कार्तिकात लोणावळ्याची रात्र बोचते.
– एक चादर, एक पातळ सतरंजी.
– रोजच्या गोळ्या चिठ्ठीसकट, ओआरएस, खोबरेल तेल, फोडांसाठी पट्टी.
– वापरून मऊ झालेले बूट. नवे बूट घरीच.
– टॉर्च आणि चमकणारं जॅकेट. अंधारात हायवेच्या कडेनं चालताना ट्रकवाल्याला आपण दिसलो पाहिजे.
– ताट, पेला, पाण्याची बाटली.
– टाळ, हरिपाठाचं पुस्तक, बुक्का.
– घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला कागद.

काट्यावर पाच किलो दोनशे ग्रॅम. लॅपटॉप नाही. माझं काम टीममधल्या एका मुलीनं घेतलं, "जाऊन ये दादा, माझ्याही वतीनं नमस्कार कर" म्हणाली. तीही एक पाठच. तिची दिवाळीनंतरची सुट्टी मी सांभाळणार, हे आधीच कॅलेंडरवर टाकून ठेवलंय.

काका यंदा येताहेत. टेम्पोला हात लावायचा नाही असं त्यांच्या लेकीनं बजावलंय. ते काम मी मागून घेतलं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची ही पाठ, सहा दिवस टिकेल का, ही भीती आहेच. विणेकरीबुवांना तसं बोललो तर ते म्हणाले, "ओझं वाहतात तसं देवाला फूलही वाहतात. शब्द एकच आहे. उचलताना कुठला अर्थ धरायचा ते तू बघ."

काकांनी माझी पिशवी तीन दिवस कुठल्या अर्थानं वाहिली, ते तेव्हा कळलं.

आजचा अभ्यास : तुमची पिशवी, ऑफिसची असो, घरची असो, एकदा उघडून बघा. त्यातलं "लागलं तर" किती, आणि ते सध्या कोणाच्या पाठीवर आहे?

आता आठवडाभर इथं लिहिणं नाही. आळंदीहून आलो की भेटू. एकादशीला तुमच्या सगळ्यांच्या वतीनं पायरीवर डोकं ठेवीन.

राम कृष्ण हरी.