साक्षीतली तारीख

अकोल्यात काय किंवा अमरावतीत काय, मंडळीत कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं की साचा बहुधा ठरलेला. आधी मी असा होतो, अमुक साली प्रभू भेटला, तेव्हापासून सगळं पालटलं. पण आज बाकांवर बसणारे पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या पिढीतले. पाळण्यात प्रार्थना ऐकलेल्या माणसानं कुठली तारीख सांगावी?

हा साचा एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा बाप्तिस्मा म्हणजे घर, जात, पंगत एका दिवसात तुटणं. तो दिवस विसरणार कसा? त्या शतकाच्या अखेरीस अकोल्यात पाय रोवलेल्या अलायन्स मिशनचा भरही निर्णयाच्या क्षणावरच होता.

मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. मिशनच्या अनाथाश्रमांत पोचलेल्या पोरांना देवाची प्रीती आधी भाकरीतून कळली, शिकवण मागाहून. पोटासाठी धर्म बदलला, हा टोमणा अजून ऐकू येतो. त्या पोरांना निवड कितपत होती, हे विचारलंच पाहिजे. पण भुकेतून सुरू झालेली श्रद्धा खोटीच असते, हे मला पटत नाही. पोट भरल्यावर ती कशावर वाढली, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर दोन मराठी बायकांकडे सापडतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणानं सांगतात, की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता; ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. लक्ष्मीबाई टिळकांचं नेमकं उलट. पती नारायण वामन १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्या काही वर्षं दूर राहिल्या. परतल्यावरही सोवळं चालूच. आधी मनातला जातिभेद गळाला, बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये. कपाशीचं बोंड न् बोंड एकाच दिवशी फुटत नाही, तीन-चार वेचे करावे लागतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. श्रद्धेच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या वेच्यालाच हिशेब मिटवतो.

टिळकांनी ही वाढ भक्तीच्या भाषेत बसवली. तुकोबांच्या वाटेनं ते ख्रिस्ताकडे गेले, अभंग लिहिले, भजन-कीर्तन उपासनेत आणलं. वारकऱ्याला तू कधीपासून भक्त झालास, असं कोणी विचारत नाही. नाम रोजचं असतं. ‘उपासना संगीत’मधली टिळकांची गीतं आपण आजही गातो. गीतं भक्तीची आणि साक्ष निर्णयाची, असा हा आपला विसंवाद. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उतारवयात त्याचे बहुतेक अध्याय रचले. बाप्तिस्म्यावरच त्यांची कहाणी संपवली असती, तर हे कुठे बसवलं असतं?

धुऱ्याच्या भांडणात भावाशी धरलेला अबोला सोडायला वर्षानुवर्षं लागलेला शेतकरी मंडळीत असतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करता करता देवावर रुसलेली, आणि तरीही रात्री प्रार्थना न चुकवणारी सून असते. तिला विचारलं तर म्हणेल, माझी कसली साक्ष? अजून तर भांडणच चालू आहे देवाशी. मला तिचंच ऐकायचंय. पण तिची साक्ष पाच मिनिटांत मावायची नाही, आणि पाळकांना पुढचा कार्यक्रम उरकायचा असतो.