खाणारी तोंडं

घरात हौसेनं समुद्री टँक लावला, की काही महिन्यांत त्यावरून चिडचिड सुरू होते. भारी दिवे, फेसावाटे मळ उपसणारं स्किमर, आरओचं पाणी, सगळं जागच्या जागी असतं. तरीही प्रवाळांमधल्या खडकावर हिरवे केस उगवतात. मग ब्रश येतो, औषधाची बाटली येते, दिवे बंद ठेवले जातात. शेवाळ जातं आणि परत येतं.

सगळ्यात बुचकळ्यात टाकते ती पाण्याची तपासणी. खडक हिरवागार आणि फॉस्फेट मात्र शून्य! पाण्यात येणारं फॉस्फेट शेवाळ आल्या आल्या शोषून घेतं, म्हणून आपल्या हाती उरतो तो त्याच्या जेवणानंतरचा आकडा. हे फॉस्फेट येतं मुख्यतः आपल्याच हातून, माशांना रोज घातलेल्या खाद्यातून. शिवाय चुनखडीचा खडक फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडत राहतो. पाणी बदलूनही लगेच फरक दिसत नाही, तो यामुळे.

पण मला वाटतं, घोटाळा त्याआधीच झालेला असतो. प्रवाळभित्तीचे फोटो पाहून आपण समजतो, की तिथं शेवाळ उगवतच नसावं. उगवतं, आणि भरभरून उगवतं. पोपटमासे, सर्जनमासे, गोगलगायी, सी-अर्चिन ते दिवसरात्र खात असतात, म्हणून फोटोत दिसत नाही.

ही तोंडं थांबली तर काय होतं, ते जमैकानं पाहिलं आहे. तिथल्या समुद्रात शेवाळ खाणारे मोठे मासे मासेमारीनं आधीच संपत आले होते. सगळा भार उरला होता लांब काळ्या काट्यांच्या डायडेमा या अर्चिनवर. १९८३ मध्ये पनामाकडून त्यांच्यात रोग पसरत गेला आणि साधारण वर्षभरात कॅरिबियन समुद्रातले ९० टक्क्यांहून जास्त डायडेमा मेले. १९८०च्या वादळानं जमैकाची भित्ती आधीच मोडलेली होती. ती सावरलीच नाही. सत्तरच्या दशकात निम्म्याहून अधिक तळावर जिवंत प्रवाळ होतं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते पाच टक्क्यांच्याही खाली गेलं. बाकीच्या जागेवर शेवाळ पसरलं. पुढे काही ठिकाणी डायडेमा परतले, तिथं शेवाळ विरळ झालं आणि प्रवाळांची पिल्लं पुन्हा खडकाला धरू लागली. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. २०२२ मध्ये मात्र डायडेमा पुन्हा मोठ्या संख्येनं मेले. या वेळी एक एकपेशीय सूक्ष्मजीव कारण ठरला.

अख्ख्या समुद्राची ही गत, तर चार फुटी काचेच्या पेटीत खाणारं कोणी नसताना निव्वळ पाणी निर्मळ ठेवून कसं भागेल? अतिनिर्मळतेचीही शिक्षा असते. नायट्रेट आणि फॉस्फेट हट्टानं शून्यावर नेलेल्या टँकमध्ये बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव फोफावतात. तपकिरी, चिकट तारा, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. त्यांच्यातले काही विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगायीच मरतात. प्रवाळांनाही पाण्यात थोडं अन्न लागतंच.

स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी तर शेवाळालाच कामाला लावलं. वेगळ्या उथळ पन्हाळीत, भरपूर उजेडाखाली ते मुद्दाम वाढवायचं आणि ठरावीक दिवसांनी खरवडून काढायचं. पाण्यातलं फॉस्फेट त्याच्याबरोबर बाहेर पडतं. आज घरगुती टँकखालच्या खणात लोक केटोमॉर्फा या शेवाळाचा हिरवा गुंता वाढवतात, तो याच विचारानं. मला हा उपाय कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त पटतो.

म्हणून शेवाळावर काय घालू, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, ते खाणारं टँकमध्ये कोण आहे? टर्बो गोगलगायी आणा. मोठा टँक असेल तरच सर्जनमासा, छोट्या पेटीत त्याचे हाल होतात. लांब वाढलेलं शेवाळ सहसा कोणी खात नाही, ते आधी हातानं उपटा आणि मग कोवळं त्यांच्यावर सोडा. खाद्याची चिमूट जरा आखडती घ्या. समोरची काच पुसा हवी तर, मागची मात्र गोगलगायींसाठी तशीच राहू द्या.