बोटाला जागा माहीत असते

२३ सप्टेंबर २००८ रोजी न्यू यॉर्कमध्ये टी-मोबाइल कंपनीने ‘जी-१’ नावाचा फोन लोकांसमोर ठेवला. घडवला होता तैवानच्या एचटीसीने, आणि त्यांच्याकडे त्याचे नाव होते ‘ड्रीम’. आतली प्रणाली गूगलची. अँड्रॉइडवर चालणारा आणि दुकानात विकत मिळणारा हा पहिला फोन. २२ ऑक्टोबरला अमेरिकेत त्याची विक्री सुरू झाली. दोन वर्षांचा करार केला तर किंमत १७९ डॉलर. समोर ३.२ इंचांची काच, बोटाच्या स्पर्शावर चालणारी. ही काच अंगठ्याने ढकलली की सरळ न सरकता कमानीसारखे वळण घेत वर जायची आणि तिच्याखालून पाच ओळींचा अख्खा कीबोर्ड बाहेर यायचा.

काचेला बोट कळत होते, मग खाली कळा कशासाठी ठेवल्या? आज हा फोन पाहणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो. त्याचे उत्तर शोधू लागलो की लिहिणे म्हणजे बोटांनी नेमके काय करणे, इथपर्यंत जावे लागते. म्हणून हा एकच प्रश्न धरून थोडे सावकाश जाऊ.

या कळांना एक कुळी होती. अँड्रॉइड कंपनी सुरू करणाऱ्यांतले अँडी रूबिन त्याआधी डेंजर नावाच्या कंपनीत होते. डेंजरच्या ‘साइडकिक’ फोनचा पडदा गर्रकन फिरायचा आणि खाली कीबोर्ड दिसायचा. अमेरिकेतल्या तरुण मुलांना तो फोन फार आवडला होता. अँड्रॉइडचा सुरुवातीचा नमुनाही कळांचाच होता. ‘सूनर’ असे त्याचे नाव. दिसायला ब्लॅकबेरीसारखा, स्पर्शाची काच नसलेला. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला आणि ‘सूनर’ मागे पडला. त्या भाषणात जॉब्स यांनी त्या काळच्या चार नावाजलेल्या फोनची चित्रे लावली होती आणि चौघांचा दोष एकच सांगितला होता. खालचा बराच भाग प्लास्टिकच्या कळांनी अडवलेला आहे. त्या कळा हव्या असोत वा नसोत, तिथेच असतात. आणि फोन एकदा कारखान्याबाहेर पडला की त्यांत काही बदलता येत नाही.

हा आक्षेप खरा होता. जी-१ ने तो अर्धाच मान्य केला. काच घेतली आणि कळा काचेखाली सरकवल्या. इतकेच नव्हे, सुरुवातीच्या जी-१ मध्ये काचेवर उमटणारा कीबोर्ड मुळीच नव्हता. एखाद्याचे नाव शोधायला दोन अक्षरे टाकायची असली तरी फोन आडवा धरायचा, काच सरकवायची, मग टाइप करायचे. उघडताच पडद्यावरचे चित्रही आडवे व्हायचे.

वापरणाऱ्यांची मते इथेच दुभंगली. काहींना हा खटाटोप जड वाटला. पण लांबलचक ईमेल लिहिणाऱ्यांना तो कीबोर्ड मनापासून आवडला. विशेषतः आकड्यांची स्वतंत्र ओळ, जी त्या काळातल्या पुष्कळ फोनवर नसायची. तक्रारी होत्याच. कळा फार सपाट होत्या, त्यामुळे एक संपून दुसरी कुठे सुरू होते हे बोटाला चटकन लागत नसे. फोनच्या एका टोकाला, जिथे गोल फिरणारी ट्रॅकबॉल आणि बटणे होती, तिथला भाग पुढे आलेला होता. लोक त्याला फोनची हनुवटी म्हणत. फोन आडवा धरला की उजव्या अंगठ्याला ही हनुवटी ओलांडून कळांपर्यंत जावे लागे. बॅटरी ११५० एमएएचची, इंटरनेट सतत चालू. दिवस संपण्याआधी ती संपल्याची ओरड सगळीकडे होती. साधा हेडफोन लावायला भोक नव्हते. कॅमेरा ३ मेगापिक्सेलच्या थोडा वरचा, पण सुरुवातीला त्यात व्हिडिओ घेता येत नसे. कौतुक झाले ते पडद्याच्या वरच्या कडेवरून बोटाने खाली ओढायच्या सूचनांच्या पट्टीचे. आज प्रत्येक फोनवर आपण जी पट्टी ओढतो, ती या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होती.

पण कळांकडे परत येऊ. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी टायपिंगचा वर्ग ज्यांनी केला आहे त्यांना कळेचा गुण वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मराठीची परीक्षा मिनिटाला ३० शब्दांची, मग ४० ची. शिकवणाऱ्यांचा पहिला दंडक एकच: नजर कागदावर ठेवायची, कळांवर नाही. सुरुवातीला बोटे चुकतात, मग हळूहळू ‘क’ कुठे आहे हे डोक्याला आठवावे लागत नाही, बोटच तिकडे जाते. हे शक्य होते कारण कळ जागा सोडत नाही. काल होती तिथेच ती आज आहे, तिला कड आहे, दाबली की ती थोडी खाली जाते आणि उमटल्याची खबर बोटाला परत देते. म्हणून डोळे मोकळे राहतात आणि लिहिणाऱ्याचे लक्ष वाक्यावर राहते. कळ ही बोटाला दिलेली खात्री आहे, आणि बोट तिच्यावर विसंबते.

काचेजवळ यातले काहीच नाही. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. जी-१ ची काच बोटातून होणारा विद्युतभारातला सूक्ष्म बदल ओळखायची, त्यामुळे दाब द्यावा लागत नसे. पण बोटाला कड लागत नव्हती आणि खाली जाणेही जाणवत नव्हते. मग काचेवर अक्षर बरोबर कसे उमटते? अंदाजाने. आयफोनच्या कीबोर्डवर काम करणाऱ्या केन कोशिएंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच साधले. बोट नेमके कुठे टेकले याच्या जोडीला इथे कोणते अक्षर येण्याचा संभव जास्त आहे हेही यंत्र पाहते आणि शब्द पुरा होताना तो दुरुस्त करते. कळ आपण जे दाबतो तेच लिहिते. काच आपल्याला काय लिहायचे असावे ते लिहिते. बहुतेक वेळा ते बरोबर असते म्हणून हा फरक आपल्या ध्यानात येत नाही.

कळ किती शब्दशः वागते याचा एक नमुना याच फोनने दिला. नोव्हेंबर २००८ मध्ये लोकांच्या लक्षात आले की जी-१ वर कुठेही, अगदी मित्राला पाठवायच्या संदेशातसुद्धा, ‘रीबूट’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबले की फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. झाले असे होते की विकासाच्या काळातली एक वाट बंद करायची राहून गेली होती. कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक अक्षर पडद्यावर जायचेच, शिवाय पडद्यामागे सर्वाधिकार असलेल्या आज्ञांच्या खिडकीतही जायचे. गूगलने लगेच दुरुस्ती पाठवली. तांत्रिक चूक होती, सुधारली. मला त्यात दिसते ते असे की कळेला संदर्भ नसतो. मित्राला सांगितलेला शब्द आणि यंत्राला दिलेला हुकूम तिच्या दृष्टीने सारखाच.

एप्रिल २००९ मध्ये अँड्रॉइडची १.५ ही आवृत्ती आली. तिच्याबरोबर जी-१ च्या काचेवरही कीबोर्ड उमटू लागला. त्या दिवसापासून एकाच फोनमध्ये दोन कीबोर्ड झाले, वर अंदाजाचा आणि खाली खात्रीचा. या फोनचे मोल मला इथे सर्वांत जास्त वाटते. तोच माणूस, तेच हात, तोच संदेश, आणि निवड त्याची. छोट्या उत्तराला लोक काचेवर टाइप करू लागले, मोठ्या मजकुराला फोन उघडू लागले. पण माणसाच्या दिवसात छोटी उत्तरेच जास्त. त्याच वर्षी एचटीसीचा पुढचा अँड्रॉइड फोन ‘मॅजिक’ कळांशिवाय आला, आणि भारतात अधिकृतपणे विकला गेलेला पहिला अँड्रॉइड फोन तोच. आपल्याकडे अँड्रॉइड आले ते कळा टाकूनच. मोटोरोलाने २००९ च्या अखेरीस आणि एचटीसीने २०१० मध्ये पुन्हा सरकत्या कीबोर्डचे फोन काढले, त्यांना चाहतेही मिळाले. पण जाडी, वजन आणि सरकणाऱ्या भागांचा खर्च यांपुढे कळा हरत गेल्या.

इथे थांबलो तर ही केवळ गमावण्याची गोष्ट ठरेल. तशी ती नाही, आणि हे ज्यांनी दाखवले ते पुण्यात वाढले. टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात त्यांनी गणित घेतले, आयआयटी मुंबईत पुढचे शिक्षण केले आणि कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. विषय होता गणिताचा आणि तांत्रिक मजकूर कानाला समजेल असा वाचून दाखवणारी संगणकप्रणाली. जी-१ बाजारात आला तेव्हा ते गूगलमध्ये होते. गुळगुळीत काच दृष्टिहीन माणसाला निरुपयोगी, असेच कोणालाही वाटले असते. कळेला कड तरी असते. जुन्या फोनच्या ५ वर बारीक उंचवटा असायचा, त्यावरून बाकीचे आकडे चाचपता यायचे. काचेवर काय चाचपणार?

रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी प्रश्नच उलटा केला. बोटाने ५ शोधायचा नाही. बोट काचेवर पहिल्यांदा जिथे टेकेल तिथे ५. तिथून बोट वर डावीकडे सरकवले की १, सरळ वर २, खाली उजवीकडे ९. कोणता आकडा लागला ते फोन बोलून सांगतो. चुकला तर फोन हलवायचा, आकडा पुसला जातो. आकड्यांची एकमेकांशी असलेली जागा तीच, वर्षानुवर्षांची, फक्त सगळी मांडणी बोटाखाली चालत येते. २००९ च्या सप्टेंबरात आलेल्या १.६ आवृत्तीत ‘टॉकबॅक’ हा बोलणारा वाचक अँड्रॉइडचाच भाग झाला, आणि ती आवृत्ती जी-१ लाही मिळाली.

खात्री म्हणजे प्लास्टिक नव्हे, हे मला रामन यांच्या या एका युक्तीने पटले. खात्री असते ती नात्यात: ५ च्या वर २, हे बदलत नाही यात. प्लास्टिक ते नाते एका जागी खिळवून ठेवते. काच तेच नाते हव्या त्या जागी, हव्या त्या आकारात मांडू शकते, फक्त मांडणाऱ्याने वापरणाऱ्याच्या बोटाचा विचार केलेला हवा.

मराठी लिहिणाऱ्याला हा फरक जीवाचा आहे. जी-१ च्या काळात अँड्रॉइडला देवनागरी दाखवताही येत नव्हती. मराठी पान उघडले तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. अक्षरे नीट जुळून दिसायला आणखी काही वर्षे गेली. पण समजा ती दिसत असती, तरी लिहिणार कशाने? कळांवर छापलेली होती रोमन अक्षरे. जर्मनीसाठी वाय आणि झेड यांची अदलाबदल केलेला कीबोर्ड कंपन्या काढत, फ्रान्ससाठी निराळा काढत; त्या बाजारांना तो खर्च परवडत होता. भारतात ब्लॅकबेरी आले ते रोमन कळा घेऊनच. देवनागरी छापली गेली ती स्वस्त साध्या फोनच्या आकड्यांच्या कळांवर, एकेका कळेवर चार-पाच अक्षरे दाटीने, आणि हवे ते अक्षर येईपर्यंत कळ दाबत राहायची. मराठीला व्यंजने, स्वर, मात्रा, जोडाक्षरे, सगळे हवे. सव्वीस कळांत ते दोन थरांत बसवावे लागते. म्हणून कित्येकांनी मराठी रोमन लिपीत लिहायला घेतली, आणि ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

प्लास्टिकवर आपली पाळी कधी आली असती असे मला वाटत नाही. काचेवर मात्र आली. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ बनवले. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली: क ख ग घ, च छ ज झ. शाळेत पाठ केलेलीच रांग, त्यामुळे अक्षर कुठे आहे ते पहिल्याच दिवशी सापडते. ‘क’ वर बोट ठेवले की त्याभोवती चक्र उघडते आणि त्यात का, कि, की, कु, कू असे पर्याय येतात. बोट हव्या त्या दिशेला सरकवून उचलायचे. प्रत्येक व्यंजनाभोवती मात्रांच्या दिशा त्याच. ‘क’ साठी वेलांटी ज्या बाजूला, ‘म’ साठीही त्याच बाजूला. काही दिवस हात बसला की चक्र नीट न्याहाळण्याआधीच बोट वळलेले असते. बाराखडी पाठ असलेल्या कोणालाही ही रचना परकी वाटत नाही, आणि एकही कळ न बदलणाऱ्या प्लास्टिकवर ती करताच आली नसती.

एक उणीव मात्र अजून आहे. चक्रातली दिशा बोटाला पाठ होते, पण मुळात ‘क’ कोठे आहे हे पाहायला डोळे काचेवर यावेच लागतात. टायपिंगच्या वर्गात कागदावर खिळवलेली नजर फोनवर मराठी लिहिणाऱ्याला अजून मिळालेली नाही. रामन यांनी आकड्यांसाठी जे केले ते दहा चिन्हांपुरते होते. आपल्याला पन्नासहून अधिक चिन्हे लागतात, म्हणून काम अवघड आहे. पण आपल्या वर्णमालेत क्रम पक्का आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरे, प्रत्येकाची जागा ठरलेली. पाच ओळी, पाच रकाने. बोट टेकेल तिथे मधले ‘ड’, वर ‘ज’, खाली ‘द’, डावीकडे ‘ठ’, उजवीकडे ‘ढ’. हे कोणीतरी नीट करून पाहावे असे मला फार वाटते.