सांगणाऱ्याचे नाव

गणपतीच्या सुट्टीत मी सातवीच्या मुलांना 'माझा देश' हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला होता. वह्या तपासायला बसलो आणि चौथ्या वहीपाशी थबकलो. चारही निबंध हिमालयापासून निघून विविधतेतील एकतेवर येऊन थांबले होते. शुद्धलेखनाची चूक औषधालाही नव्हती. विचारले तेव्हा मुले निर्मळपणे म्हणाली, "गुरुजी, मोबाइलवर एआयला सांगितलं, त्यानं लिहून दिलं."

मी रागावलो खरा. पण तो अधिकार मला कितपत होता? देश ही गोष्ट आपण सगळे ऐकूनच शिकलो. कुणाला ती कीर्तनात भेटली, कुणाला पाठ्यपुस्तकात. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा गावातल्या एकुलत्या एका संचापुढे आम्ही पोरे दाटीवाटीने बसत असू. आज राम म्हटले की डोळ्यांपुढे तोच चेहरा येतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांतला राम कुठे गेला, कोण जाणे!

मग यंत्राने असे निराळे काय केले? शिवाजी महाराजांचेच पाहा. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तो दरबारातला माणूस. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी पवाडा रचला, त्यात महाराज शेतकऱ्यांचे, शूद्रातिशूद्रांचे राजे म्हणून उभे राहिले. १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. टिळकांच्या 'केसरी'ने तो गावोगाव पोचवला आणि महाराज परक्या सत्तेविरुद्धच्या लढ्याचे दैवत झाले. पुढे राजवाड्यांनी बखरींनाच अस्सल कागदपत्रांच्या कसाला लावले. हे सारे एकमेकांशी भांडत आले. आपणही अजून भांडतोच आहोत. परंतु प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचे नाव होते. "बाबा रे, तू कोण? कुठे बसून सांगतोस?" असे त्याला विचारता येत होते. माझ्या मते आपण जे काही झालो, ते कुठल्या एका गोष्टीने नव्हे, या भांडणाने झालो.

यंत्राशी असे भांडता येत नाही. असंख्य लोकांच्या लिखाणावरून, एका शब्दापुढे दुसरा कोणता येण्याचा संभव अधिक, एवढे ते शिकलेले असते. ज्यांनी पुष्कळ लिहिले त्यांचा देश त्यात पुष्कळ. ज्यांनी लिहिलेच नाही त्यांचा देश त्यात कुठून यावा?

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितो आहे, म्हणून पुढचेही लिहिलेच पाहिजे. त्याच गठ्ठ्यात एका ऊसतोड कामगाराच्या मुलीची वही होती. तिने लिहिले होते, आमचा देश दिवाळी झाली की ट्रॅक्टरमध्ये बसून कर्नाटकात जातो आणि पाडव्याच्या सुमारास परत येतो. तिकडच्या दुकानदाराची भाषा तिला कळत नव्हती. पण त्याच्या बायकोने एकदा तिच्या धाकट्या भावाला ताक पाजले होते. मधे शाळा बुडते, हेही तिने एका ओळीत सांगून टाकले होते, तक्रार न करता.

मी समासात तांबड्या पेन्सिलीने 'विषयांतर' असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले. यंत्राच्या पहिल्या निबंधाला, मुलांना विचारण्यापूर्वी, आठ दिले होते. त्यासाठी मला मोबाइल लागला नाही.

ती वही अजून माझ्या पिशवीत आहे. चाराचा आकडा खोडला आहे. त्याच्या जागी काय लिहावे ते सुचत नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तिच्या घरची भांडीकुंडी ट्रॅक्टरमध्ये चढत असतील.